दोन आडव्या रेघा

रत्नागिरी
सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

चि. ऋजुता हिला,

आशीर्वाद आहेतच. ते रागाच्या आड येत नाहीत.

शनिवारी, दिनांक ७ फेब्रुवारीला, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात तू माझा अपमान केलास. वेळ नक्की सांगते आहे, कारण भिंतीवर घड्याळ होतं आणि घड्याळाच्या बरोब्बर खाली, पडद्यावर, मी होते. मी म्हणजे एक गोल. गोलाखाली एक उभी रेघ आणि तिच्या टोकाला दोन आडव्या रेघा. स्पेलिंग चुकलं की मुलींच्या वह्यांत मी मारायची, तशाच. हातातला तो लाल ठिपका माझ्यावर नाचवत तू लोकांना म्हणालीस, "वंशावळ कशी वाचायची ते आधी बघू. रुग्णांची घराणी चारचौघांत दाखवणं बरं नाही, म्हणून मी आमचंच घराणं घेतलंय, कुलवृत्तांतातून. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. खाली दोन आडव्या रेघा असल्या तर मूल झालं नाही. सुदैवाने आमच्या घरात दाखवण्यासारखं काही नाही, त्यामुळे चित्र अगदी स्वच्छ आहे."

स्वच्छ!

सभागृहात शंभर-सव्वाशे माणसं. त्यांतल्या तीसेक बायका तरी कधी ना कधी माझ्या वर्गात बाकावर उभ्या राहिलेल्या. माझ्या शेजारी समोरच्या घरातली आनंदीबाई. आपण कुजबुजतो असा तिचा जन्मभराचा गैरसमज आहे. ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "अगो सावित्री, तो दोन रेघांचा गोल म्हणजे तू ना गो?" पुढच्या तीन रांगांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, "हो, मीच. तुझा गोल काढायला पडदा पुरला नसता." पण रेघा पडद्यावर होत्याच.

तू मला विचारलंस का? एक फोन केला असतास. हैदराबादहून रत्नागिरीला फोन लागतो असं ऐकते. "आत्या, तुझं नाव नाही, नुसता गोल दाखवणार आहे," एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. छापील पुस्तकात आहे म्हणून ते कुणीही उचलून भिंतीवर टांगावं, हे तुम्हा शास्त्रज्ञांत चालत असेल. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मदर बर्नाडेट सांगायच्या, दुसऱ्याचं पत्र टेबलावर उघडं पडलेलं दिसलं तर ते आधी पालथं घाला, मग विचारा कुणाचं आहे. मी बासष्टाव्या वर्षीसुद्धा पालथं घालते.

व्याख्यान बाकी चांगलं झालं. हे मी रागात असतानाही लिहिते आहे, म्हणजे खरंच चांगलं झालं. मी वही घेऊन गेले होते आणि पाच पानं टिपणं काढली. इंग्रजी शिकवणारीला कितपत कळलं ते तूच तपास. पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या मण्यांभोवती गुंडाळलेला असतो. धाग्यावर जागोजागी मिथिलचे बारीक शिक्के असतात. मण्यांना शेपट्या असतात, त्यांच्यावर वेगळे शिक्के. काही शिक्क्यांनी गुंडाळी आवळली जाते आणि तिथला मजकूर वाचता येत नाही. काहींनी ती सैल पडते. मजकुरातलं अक्षरसुद्धा बदलत नाही, वाचायचा की नाही एवढंच ठरतं. परीक्षेला नसलेल्या धड्यावर मी मुलींना फुली मारायला सांगायची, तसंच. धडा पुस्तकात असतोच.

मग तू तुझ्या कामाचं सांगितलंस, की हे दोन तऱ्हेचे शिक्के एकमेकांना बोलावतात. धाग्यावर शिक्का बसला की त्याला ओळखणारं एक प्रथिन तिथे येतं, ते आपल्या ओळखीचे कामकरी आणतं, आणि ते कामकरी मण्यांवरचे सैल ठेवणारे शिक्के खरवडून काढतात. उलट, मण्याच्या शेपटीवर बंद ठेवणारा शिक्का असला तर तो धाग्यावर शिक्का मारणाऱ्याला हाक घालतो. एकाने दुसऱ्याला धरून ठेवायचं. मागच्या रांगेतल्या त्या निवृत्त मामलेदारांनी विचारलं, "मग आधी कोण?" तू म्हणालीस, "काका, तेच तर शोधतोय. मी ज्या जागेचा अभ्यास करते तिथे, उंदरांच्या पेशींत, मण्यावरचा शिक्का पडू दिला नाही तर धाग्यावरचाही टिकत नाही. पण सगळीकडे असंच असेल असं मी सांगू शकत नाही." माहीत नाही ते माहीत नाही म्हणालीस, ते मला आवडलं. तुझ्या बापाला, अण्णाला, आवडलं असतं. तो असता तर पुढच्या रांगेत बसून सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या असत्यान्.

सहाला पाच मिनिटं कमी असताना मी उठून बाहेर गेले, ते तू पाहिलंस. उकडत होतं.

मग तुम्ही मायलेकी घरी आलात. त्या वेळी मी जे बोलले ते वेळेवर आणि योग्य बोलले. तू म्हणालीस, "आत्या, दोन रेघांचं एवढं काय? पुस्तकात आहे तेच काढलं. तुझ्या नावापुढे स्पष्ट 'निरपत्य' छापलंय." मी म्हटलं, "छापलंय म्हणून खरं असतं का?" तू म्हणालीस, "मग खरं काय आहे?" आणि मी विचारलं, "चहा घेणार की कोकम?"

तू काहीच न घेता गेलीस. आत्याच्या घरातून तोंड न ओलं करता निघून जाण्याची पद्धत आपल्याकडे नाही, हेही नोंदवून ठेवते.

तेव्हा माझं म्हणणं असं. एक तर तू मला लेखी दिलगिरी कळव. दुसरं, ते चित्र पुन्हा कुठे दाखवणार असशील तर त्यातून माझा गोल काढून टाक. महिनाअखेरपर्यंत उत्तर यावं.

तुझी आत्या,
सावित्री

मंगळवार, सकाळ

वरचं पत्र काल चार वाजता पाकिटात घालून, तिकीट लावून पोस्टात घेऊन गेले. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं सरकवलं आणि ओढून काढलं. मागे कुणीतरी उभं होतं, त्याला वाटलं असेल म्हातारीला पत्ता आठवेना. घरी येऊन पाकीट वाफेवर धरून उघडलं. पत्र खोटं नाही. अपुरं आहे. मी मुलींना सांगायची, अर्धं उत्तर लिहून सुवाच्य अक्षराचे मार्क मागू नका.

सभागृहात उकडत नव्हतं. फेब्रुवारीत काय उकडायचंय!

वंशावळीनंतर तू एक फोटो दाखवलास. परदेशातल्या कुठल्यातरी पुस्तकातला असावा. पाच-सहा वर्षांचा मुलगा, डोळ्यांवर छापलेली काळी पट्टी, ओळख पटू नये म्हणून. पट्टीच्या खालचं तोंड मी ओळखलं. तू सांगत होतीस की धाग्यावरच्या एका ठरावीक जागी शिक्का बसायचा राहिला तर काय होतं त्याचं हे उदाहरण. ही मुलं फार हसतात. कशालाही, उगाचच, हात फडफडवत. बोलणं जवळजवळ येत नाही. चालताना हात असे कोपरात वाकवून वर धरतात. झोप थोडी. पाण्याचं वेड. फिट्स येतात. तू एकेक वाचत होतीस आणि मी हजेरी देत असल्यासारखी मनातल्या मनात 'आहे' म्हणत होते. आहे. आहे. आहे. फिट्सपाशी आले आणि मला उठावं लागलं. जिन्याच्या कठड्याला धरून किती वेळ उभी होते ते घड्याळ तिथे नसल्यामुळे सांगता येत नाही. मग दाराशी येऊन उरलेलं उभ्यानेच टिपून घेतलं.

ऋजू, मी निरपत्य नाही.

त्याचं नाव मुकुल. तुझा आतेभाऊ. जन्म १९ मार्च १९६८. गेला २३ ऑगस्ट १९७४ला. तू तेव्हा सव्वा वर्षाची होतीस.

आता पुढचं मी न थांबता लिहिणार आहे, कारण थांबले तर पुन्हा दोन रेघांवर घसरेन.

तुझे काका, म्हणजे आमचे हे, तेव्हा कोयना प्रकल्पावर होते. सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला तेव्हा आम्ही कोयनानगरला राहत होतो आणि मला सहावा महिना होता. पहाटे घर हललं, मी धावत बाहेर निघाले आणि पायरीवरून पडले. पोटावर नाही, कुशीवर. मार्चमध्ये मुकुल झाला. पुढे आमची बदली अलोऱ्याच्या वसाहतीत झाली आणि तिथे, तो दोन वर्षांचा होऊनही बसेना, बोलेना, नुसता हसतो, असं दिसल्यावर सगळ्यांनी एका सुरात ठरवून टाकलं की भूकंपाचं पोर ते, पोटात असताना धक्का बसला. वसाहतीतले डॉक्टरही मान हलवायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, माझे वडील, आबा, म्हणायचे, अण्णा म्हणायचा. मला आता कळतं की सगळ्यांना ते सोयीचं होतं. भूकंपाचा दोष कुठल्या घराण्याला लागत नाही.

मला मात्र तो माझ्या पायरीला लागलेला होता. दुसऱ्या दाराने निघाले असते तर, चपला शोधत बसले नसते तर, कठडा धरला असता तर. छत्तीस वर्षं मी त्या पायरीवर बसून आहे. शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तू ती माझ्या खालून काढून घेतलीस, आणि तुला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. तू पाणी प्यालीस आणि पुढचं चित्र लावलंस. मला आनंद व्हायला हवा होता. तीन दिवस झाले, मला नुसती घेरी आल्यासारखं वाटतंय. काल दोनदा दूध उतू गेलं आणि दोन्ही वेळा मी समोर उभी होते.

तुझा बाप अलोऱ्याला आला होता, बहात्तरच्या एप्रिलात. तुझ्या आईशी त्याचं लग्न ठरलं होतं. मुकुलने त्याच्या चष्म्याला हात घातला आणि हसून हसून लोळला. अण्णाही हसला, त्याला उचलून घेतलंन्, आणि मग मला म्हणाला, "ताई, लग्नाला तू ये. याला गोदूबाईकडे ठेव. मुलीकडच्यांना एकदम नको. चार दिवसांचाच तर प्रश्न आहे." गोदूबाई आमच्याकडे कामाला होती, मुकुलवर तिचा फार जीव. ती भांडी घासता घासता म्हणाली, "हासतंय तर हासूं दे गो बाय. रडनारी काय कमी हायत?" पण मी त्याला ठेवून लग्नाला गेले. हिरवा शालू नेसून मांडवात मिरवले. तुझ्या आजोळच्या एका बाईंनी विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं काय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाहीत अजून."

चार दिवसांसाठी म्हटलेलं ते तसंच राहिलं. तुझ्या आईला, विमलाला, अण्णाने कधी अलोऱ्याला आणलं नाही, मी कधी बोलावलं नाही. दोन वर्षांनी मुकुल फिटमध्ये गेला तेव्हा सांगायला काही उरलंच नाही, असं आम्ही तिघांनी समजून घेतलं. मग आम्ही रत्नागिरीला आलो, मी शाळेत लागले. एक्याऐंशी साली कुलवृत्तांताचं काम निघालं, आपल्या शाखेची माहिती गोळा करायची अण्णाकडे होती. मलाही एक छापील फॉर्म आला. 'अपत्ये' असा रकाना होता. अण्णाने तो मुद्दाम कोरा सोडून पाठवला होता, ते मी त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. 'निरपत्य' मी लिहिलं. माझ्या अक्षरात, शाईच्या पेनाने. तुझ्या काकांनी खांद्यावरून वाचलं आणि ते बागेत निघून गेले. तासाभराने आत आले ते थेट जेवायलाच बसले.

तुझं ते शिक्क्यांचं मी शनिवारपासून पुन्हा पुन्हा वाचते आहे, आणि दर वेळी मला दुसरंच काही दिसतं. पुस्तकात 'निरपत्य' छापलं, म्हणून घरात कुणी त्याचं नाव घेईना. घरात कुणी नाव घेईना, म्हणून पुस्तक दुरुस्त करायचं कुणाला सुचेना. आधी कोण, असं मामलेदारांनी मला विचारलं असतं तर मी सांगू शकले असते. आधी मांडवातलं "नाहीत अजून". शाई नऊ वर्षांनी आली. पण एकदा दोन्ही बसल्यावर त्यांनी एकमेकांना असं धरून ठेवलं, की मजकूर जिवंत असून मलाही वाचता येईना.

हे सगळं तुला आज का सांगते? माझं मन हलकं व्हावं म्हणून नाही. तेवढ्यासाठी तीस वर्षं थांबलेली बाई आणखी थांबू शकली असती.

शनिवारी स्वयंपाकघरात विमला माझ्या मागे आली होती. म्हणाली, "वन्सं, चहाचा वास नको झालाय हो तिला. तिसरा लागलाय. एवढ्यात कुणाला सांगू नका." तिचा चेहरा असा उजळलेला, आणि माझ्या हातात कोकमाची बरणी. ती मी खाली ठेवली आणि बाहेर येऊन तुझ्याशी दोन रेघांवरून भांडले. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. जे सांगायला हवं होतं ते सोडून जेवढं मोठ्याने बोलता येईल तेवढं बोलले. माझा अपमान तू पाच चाळीसला केलास. त्याहून मोठी चूक मी साडेसातला केली.

माझ्या वहीत तुझीच वाक्यं आहेत. बहुतेक घरांत हे एका मुलापुरतं घडतं आणि संपतं. पण थोड्या घरांत, शिक्के कुठे मारायचे हे ठरवणाऱ्या जागेतलाच एक बारीक तुकडा पिढीजात गळालेला असतो. धाग्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून; आईकडून आलेल्या प्रतीवर जो शिक्का हवा तो मग बसतच नाही. तीच प्रत बापाकडून आली तर काही बिघडत नाही, कारण बापाच्या प्रतीवर त्या जागी शिक्का नसतोच. म्हणून ते पुरुषांमधून गुपचूप चालत राहतं आणि बायकांच्या मुलांत वर येतं.

मुकुल वर्षाचा असताना माझी आई त्याला पाहायला आली होती. तो पाळण्यात हात फडफडवून हसत होता. ती कौतुकाने म्हणाली, "अगो, गंगावन्संचा लवू अस्साच हसायचा," आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवलान्. गंगाआत्या म्हणजे आबांची सख्खी बहीण, दाभोळला दिलेली. तिला मूल होतं हेच मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आईला खोदून विचारलं, तर म्हणाली, "छे गो, मी आपलं उगाच म्हटलं." कुलवृत्तांत काढून बघ. गंगाआत्याच्या नावापुढे काय छापलंय? तेच, जे माझ्या नावापुढे आहे. तुझ्या पडद्यावर दोन रेघांचे गोल दोन होते, ऋजू. माझा पाहून मी इतकी पेटले होते की वरचा मला रविवारी आठवला.

रविवारी जेवणाच्या टेबलावर मी लाल पेन्सिलीने चित्र काढलं. आजोबा. त्यांना गंगाआत्या आणि आबा. गंगाआत्येच्या पोटी लवू. आबांना मी आणि अण्णा. माझ्या पोटी मुकुल. आबांकडून मला जे आलं ते अण्णालाही आलं असेल किंवा नसेल. अण्णाला आलं असलं तर तुला आलं असेल किंवा नसेल. बापाकडून आलेलं म्हणून तुला स्वतःला त्याचा काही त्रास नाही. तुझ्या गोलाखाली तू काहीच काढलं नव्हतंस, तिथे पेन्सिल टेकवून मी बसून राहिले.

माझं कुठे चुकत असेल तर लाल शाईने दुरुस्त करून पाठव. मला इतका आनंद कधी झाला नसेल.

आणखी एक. तू तपासून घेशील, आणि मग तुला आणि आमच्या जावयाला, अपूर्वला, काय ते ठरवावं लागेल. त्यात मी एक अक्षर बोलणार नाही. माझा स्वभाव बघता हे वचन किती महाग आहे ते तुला कळेल. पण तू ठरवायला बसशील तेव्हा तुझ्यासमोर तो काळ्या पट्टीचा फोटो एवढंच असू नये.

मुकुलला बादलीत पाणी ओतल्याचा आवाज घराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. न्हाणीघरातल्या घंगाळात तो बसला की त्याला बाहेर काढायला दोन माणसं लागायची आणि तिघंही भिजायची. एकदा आम्ही त्याला वेळणेश्वरला घेऊन गेलो. देवदर्शन बाजूला राहिलं, तो वाळूत फतकल मारून बसला तो दुपारपर्यंत. प्रत्येक लाट आली की असा हसायचा, जणू आधीची आलीच नव्हती. त्याला 'आई' म्हणता यायचं नाही. माझ्या पदराचं टोक तोंडात धरून ओढायचा, तेच ते. रात्र रात्र जागवलंन् त्याने, मी त्याच्यावर ओरडले आहे, एकदा हातही उगारला आहे. तो त्यालाही हसला. मला दमायला झालं, रडायला आलं, लोकांची लाज वाटली, हे सगळं खरं. तो नको होता असं मला एकदाही वाटलं नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही लिहून ठेव. एकानेच उत्तर पुरं होत नाही.

आता मागणं. वरचं महिनाअखेरचं खोड. दिवस पोस्टाच्या वेगाने जात नाहीत, हे तिसरा लागलेल्या बाईला मी सांगायला नको.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे. मिळेल त्या दिवशी, तुझ्याच ओळखीतले जे लोक ही तपासणी करतात त्यांच्याकडे जा आणि त्यांना लवू आणि मुकुल दोघांचंही सांग. मुकुलचं रक्त आता मिळणार नाही, माझं मिळेल. किती लागेल, कशात घालून पाठवायचं की मीच हैदराबादला यायचं, ते कळव. बॅग भरून ठेवली आहे. विमलाला मी आज दुपारी स्वतः जाऊन सांगते. ती मला काय म्हणेल ते मी ऐकून घेईन, प्रत्युत्तर करणार नाही.

दिलगिरी नको. ती मागायचा माझा हक्क रविवारी संपला. चित्रातून मला काढूनही टाकू नकोस. माझ्या गोलाखालच्या त्या दोन आडव्या रेघा तेवढ्या पूस. उभी रेघ खाली ने, तिथे एक चौकोन काढ, तुमच्या पद्धतीने आतून काळा भर आणि त्यावरून गेलेल्याची तिरकी रेघ ओढ. शेजारी नाव लिही. ऱ्हस्व मु, ऱ्हस्व कु. गंगाआत्येच्या खालीही तसंच.

फोन करू नकोस. फोनवर मी वाकडं बोलेन आणि तू रडशील, किंवा उलट. मला कागद हवा. तू गेलीस की नाही, आणि त्यांनी काय सांगितलं, हे तुझ्या अक्षरात शनिवार, दिनांक २१ फेब्रुवारी, दुपारच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. पोस्टमन सव्वाबाराला येतो. मी फाटकात उभी असेन.

मुकुलची आई,
सावित्री